समीक्षाच्या गाठीला चढलेले पॉपकॉर्न

नालवाडी, वर्धा
होळी झाली, पाडवा यायचा आहे

आदरणीय साळेबुवा प्रभाकरराव यांना नालवाडीहून नत्थूचा वाकून नमस्कार.

जावयाने साळ्याला वाकून नमस्कार लिहावा अशी आपल्याकडे रीत नाही, हे मला ठाऊक आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी तुमच्यापुढे कधी वाकलो नाही (एकदा तुमच्या गोठ्याच्या दारात कपाळ आपटलं तेव्हा वाकलो होतो, पण ते दारासाठी). तरीही आज लिहितो आहे, त्यावरून काय ते समजा. किंवा आत्ताच समजू नका, शेवटपर्यंत वाचा. तुमची कंबर कशी आहे? वहिनींचा गुडघा खाली बसला की पुन्हा उठतो का? संत्र्याला बहार बरा धरला असं चिंधू म्हणत होता, पण तो टेम्पो चालवतो, झाडांकडे बघायला त्याला वेळ कुठे असतो, म्हणून विचारतो. माझी तब्येत म्हणाल तर शुगर सोडून बाकी सगळं कमी झालं आहे.

फोन का केला नाही, असं तुमच्या मनात येईल. तुमची बहीण सुलोचना सध्या कुरडया घालायला तुमच्याच घरी आलेली आहे. घरात कोणाचाही फोन वाजला तरी तो आपलाच आहे असं समजून उचलायची तिची सवय तुम्हाला लहानपणापासून माहीत असेल (तेव्हा फोन नव्हते, पण सवय असणारच). उचलला की ती स्पीकर लावते, आणि मग माझं बोलणं तुमच्या अंगणातल्या सगळ्या बायका कुरडयांसोबत वाळत घालतात. पत्राला अजून स्पीकर निघालेला नाही. म्हणून हे चिंधूच्या हाती पाठवतो आहे. पाकीट डिंकाने चिकटवलं आहे, वरून भाताची शितं लावली आहेत. गोठ्यात जाऊन वाचा आणि वाचताना ओठ हलवू नका. सुलोचनेला ओठ वाचता येतात. मी मनातल्या मनात काय बोललो तेसुद्धा ती सांगते.

आता मूळ गोष्ट. आमची नात समीक्षा, म्हणजे धनंजयची थोरली, हिचं जामच्या अंकितशी जुळलं हे तुम्हाला माहीत आहेच, सुपारी फोडायला तुम्ही होता (पोहे जास्त खारट झाले असं तुम्हीच चारचौघांत म्हणाला होता, ते मी विसरलेलो नाही, पण आज तो विषय नाही). जामच्या चौकात त्यांचा ढाबा आहे. ढाबा सांभाळते ती अंकितची आई यशोदाबाई. तिने नुसतं पाहिलं तरी ट्रकवाले ताटातलं वाया घालवत नाहीत. मुलगा चांगला आहे. मध्यंतरी त्याने आम्हा सगळ्यांना नागपूरला सिनेमाला नेलं. सिनेमा काय होता ते विचारू नका, अंधार होता. पण मध्यंतरात त्याने बादलीएवढा पुठ्ठ्याचा डबा आणला. त्यात मक्याच्या लाह्या होत्या, पण आपण पंचमीला ज्वारीच्या करतो तशा नाही. यांच्यावर तांबूस, चकाकता साखरेचा थर होता. वास तर असा की माझ्या पुढच्या रांगेतला माणूस पडद्याकडे पाठ करून बसला. याला कॅरॅमल पॉपकॉर्न म्हणतात असं समीक्षाने सांगितलं. मी तीनेक दाणे तोंडात टाकले असतील नसतील, तोच तुमच्या बहिणीने अंधारात हात घालून माझ्या मुठीतले काढून घेतले. इतक्या अंधारात तिला मूठ कुठे आहे हे कसं कळलं, याचा मी अजून विचार करतो आहे.

तेव्हापासून प्रभाकरराव, मला दुसरं काही सुचेना. देवाला हात जोडले की डोळ्यांपुढे बादली. कीर्तनाला गेलो तर बुवा काय सांगतो ते ऐकू येईना, कानात नुसतं कुरुम कुरुम. या वयात असं होऊ नये हे मलाही कळतं, पण आपल्या वयाच्या माणसाला दुसरं काय होतं? एक तर मूळव्याध होते, नाहीतर असं काहीतरी.

सुलोचना तुमच्याकडे कारंज्याला यायला निघाली त्या दिवशी मी बसस्टँडवर तिला सोडायला गेलो, आणि बस वळणावर दिसेनाशी झाल्यावर तसाच रोशनच्या किराणा दुकानात गेलो. खरं म्हणजे मक्याचे दाणे घरी होते (शेजारच्या कोंबड्यांसाठी ठेवलेले), ते आदल्या दिवशी गुपचूप तव्यावर टाकून पाहिले होते. काळे झाले, पण एकाने तोंड उघडलं नाही. रोशनला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आबाजी, ते मुके दाने हायेत. हे घ्या, हे बोलतात." त्याच्याकडे पॉपकॉर्नचे वेगळे दाणे मिळतात, बारके आणि टणक. तुम्हीही तेच घ्या (म्हणजे कधी लागलेच तर).

राहिली साखर. तुमच्या बहिणीने जाताना साखरेचा डबा कपाटात ठेवून किल्ली सूनबाईच्या, म्हणजे कोकिळेच्या, कमरेला लावून दिली आहे. कोकिळा तशी गरीब आहे, पण सासूने दिलेली किल्ली ती झोपेतही पोटाखाली धरते. गूळही त्याच कपाटात. घरात गोड म्हणून जे काही होतं ते एकच, आणि ते देव्हाऱ्याच्या खुंटीला टांगलेलं होतं. तुमच्या लक्षात आलं असेल. नसेल आलं तर बसून घ्या.

होळीला जामहून समीक्षासाठी साडी आणि साखरेची गाठी आली होती. गाठी आपण जन्मभर पाहतो, पण ही गाठी म्हणजे गळ्यात घातली तर बेंबीपर्यंत येईल अशी. पांढऱ्याशुभ्र जाड पाकळ्या, मधे तळहाताएवढं गुलाबी पदक. पाडव्याला यशोदाबाई लग्नाची तारीख काढायला येणार आणि समीक्षाने ही गाठी गळ्यात घालून तिच्या पाया पडायचं, असं ठरलेलं. तोवर गाठी देवाजवळ. आता तुम्ही म्हणाल की नत्थू, तुला अक्कल आहे का? आहे, पण त्या वेळी ती नागपूरला त्या बादलीत पडलेली होती. मी असा विचार केला की आधी दोन पाकळ्या काढू, कोणाला कळणार नाही. मग आठवलं की पाडव्याआधी गाठीचा दोरा तोडला तर सोयरीक तुटते, असं आमची आई सांगायची. दोरा न तोडता पाकळी काढायची कशी? पाकळ्या दोऱ्यावरच ओतलेल्या असतात. फोडायला गेलो तर दोन जागी तडा गेला, पदकाला टवका उडाला, आणि अर्धवट फुटलेली गाठी खुंटीला लावण्यापेक्षा अख्खी नाहीशी झालेली बरी असं मला वाटलं (का वाटलं ते विचारू नका, त्या वेळी फार पटलं होतं). म्हणजे गाठी वितळवायची, पण दोरा शाबूत ठेवायचा. माझं म्हणणं असं की वितळल्याने सोयरीक तुटत नाही.

कोकिळा महिला मंडळात गेलेली, धनंजय ऑफिसात, समीक्षा बँकेत. मी गॅसजवळ एकटा. गॅसची मला पहिल्यापासून भीती. सिलिंडरवर ओलं पोतं टाकलं, पळायला सोपं जावं म्हणून पुढचं दार सताड उघडं ठेवलं, आणि धनंजयचं जुनं हेल्मेट डोक्यात घातलं. मोबाईलवर एक बाई हे सगळं हिंदीतून करून दाखवते. तिने हेल्मेट घातलेलं नव्हतं, पण ती तरुण आहे. कुकरमध्ये चमचाभर तेल, तेल तापलं की दाणे, वर झाकण नुसतं ठेवायचं, शिट्टी लावायची नाही. आधी काहीच झालं नाही. मी झाकणाला कान लावला (हेल्मेटमुळे ऐकू येईना), आणि तेवढ्यात आत गोळीबार सुरू झाला. प्रभाकरराव, रोशनचे दाणे बोलतात हे खरं, पण सगळे एकदम बोलतात. ग्रामसभेसारखं. मी दारापर्यंत पळालो, मग गॅस चालू राहिला म्हणून परत आलो, मग पुन्हा पळालो. अशा माझ्या येरझाऱ्या चालू असताना आवाज आपोआप कमी झाला. आवाज अगदी विरळ झाला की गॅस बंद करायचा. झाकण काढलं तर काय, कुकरभर पांढरी फुलं. मला वाटलं आता जिंकलो.

मग लोखंडी कढईत तूप टाकलं आणि गाठी दोऱ्यासकट आत सोडली. दोऱ्याचं एक टोक गोंड्याकडून धरून कढईच्या कानाला बांधलं. मंद आचेवर आधी पाकळ्या घामेजल्या, मग पदक बसलं, मग सगळ्याचं गुलाबी पाणी झालं. ते पिवळं झालं, मग तांबूस झालं, आणि तोच वास सुटला. अगदी नागपूरचा. इथे त्या बाईने चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायला सांगितलं. मी टाकला. पाक फस्सकन फुगून कढईच्या काठापर्यंत आला आणि मला वाटलं, देवाची गाठी होती, देव रागावला. मी डोळे मिटून कुळदेवीला खणनारळ बोललो. डोळे उघडले तर फेस खाली बसलेला. (नंतर समजलं की सोड्याने असं होतंच. तरी नारळ द्यावा लागेल.) लगेच कुकरातल्या लाह्या कढईत ओतल्या आणि कालथ्याने वरखाली केल्या. इथे वेळ लावायचा नाही हे ध्यानात ठेवा, पाक लगेच धरतो. मी कपाळाचा घाम पुसायला हेल्मेट काढेपर्यंत त्याने धरलं. कानाला बांधलेला दोरा सोडून हळूच ओढला, म्हटलं हा तेवढा स्वच्छ निघेल, धुऊन ठेवू.

दोरा निघाला, पण एकटा निघाला नाही. त्याच्या अंगाला लाह्या चिकटून वर आल्या, एकीला एक धरून, शेवटच्या गोंड्यापर्यंत. माझ्या हातात तांबूस, चकाकती, बेंबीपर्यंत येईल अशी पॉपकॉर्नची गाठी लोंबत होती. पदकाच्या जागी मोठा गोळा. मी तिच्याकडे पाहत उभा, डोक्याला पोतं गुंडाळलेलं (हेल्मेट काढल्यावर भीती वाटली म्हणून), आणि दारातून शेजारची धुरपता आत आली.

"नत्थूभाऊ, काऊन हो, घरात फटाके फोडून राह्यले काय? मी म्हटलं सिलिंडर गेलं अन् तुमीबी गेले. पदर खोचून आली मी."

मी म्हटलं, "कोठी गेलो, इथंच तर हावो."

"हे हातात काय लोंबून राह्यलं मग?"

"गाठी."

"गाठी अशी रायते काय? जळली वाटते तुमची गाठी." मग तिने कढईत उरलेल्या सुट्या लाह्यांकडे पाहिलं. "थांबा, चव घेऊन सांगतो कायची हाय ते."

धुरपताला चवीवरून काही ओळखायचं म्हणजे वेळ लागतो. एक मूठ खाऊन तिला समजलं नाही. दुसरी खाऊन शंका आली. कढई रिकामी झाली तेव्हा ती म्हणाली, "मकाच हाय," आणि कढईला लागलेलं खरवडायला उलथणं घेऊन बसली. मी तिला हे कोणाला सांगू नको म्हणून शपथ घातली, आणि गाठी पुसून पुन्हा खुंटीला लावून दिली. दुरून अंधारात गाठीच वाटते. जवळून गाठी पाहायची गरज काय असते?

संध्याकाळी कोकिळा दिवा लावायला गेली आणि तिथूनच म्हणाली, "मामाजी, ही गाठी अशी काळी काऊन पडली?"

"ऊन लागलं असल."

"देव्हाऱ्यात कोठचं ऊन येते?"

मी अंगावर पांघरूण ओढून घेतलं आणि कण्हलो. मुंग्या मात्र सत्य जाणतात. त्या कालपासून रांगेने दर्शनाला येत आहेत, आणि मी खुंटीखाली हळद टाकून पहारा देतो आहे. यशोदाबाईने हे पाहिलं तर मुलीकडच्यांनी शकुनाची गाठी खाल्ली असं ढाब्यावर थांबणाऱ्या प्रत्येक ट्रकमधून पार हैदराबादपर्यंत जाईल. पोरीचं जुळलेलं माझ्या जिभेपायी मोडेल या धास्तीने माझा घास उतरत नाही. पण ते असो. तुम्ही काळजी करू नका. बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. सहज खुशाली कळवावी म्हणून लिहिलं, काम काही नाही.

तुमच्या घरचा जावई,
नत्थू

ता. क. काम म्हणाल तर एक आहे. तुमच्या कारंज्याला बाजारात होळीच्या उरलेल्या गाठ्या असतील. बेंबीपर्यंत येणारी, मधे गुलाबी पदक, अशी एक चिंधूच्या हाती पाडव्याच्या आत पाठवा. संत्र्यांच्या पेटीत खाली ठेवा. सुलोचनेने विचारलं तर नत्थूला संत्री पाठवतो म्हणा. (संत्र्यांना ती हो म्हणेल, फक्त आंबट द्या म्हणेल.)

ता. क. दुसरा. गाठी पाठवू नका. चिंधूचा टेम्पो बिघडल्यामुळे पत्र माझ्याकडेच पडून राहिलं आणि इकडे सगळं फिरलं. यशोदाबाई वर्ध्याला खरेदीला आली होती, ती पाडव्याची वाट न पाहता अंकितला घेऊन सरळ घरी आली. म्हणाली, आता आलीच तर तारीख काढून टाकू. कोकिळेने समीक्षाला साडी नेसवली आणि मी नको नको म्हणत असताना खुंटीची गाठी काढून तिच्या गळ्यात घातली. समीक्षा पाया पडायला वाकली तर दोन लाह्या यशोदाबाईच्या पायावर पडल्या. घरात असं शांत झालं की मला मुंग्या ऐकू यायला लागल्या.

"आबाजी," यशोदाबाई म्हणाली, "ही आमचीच गाठी हाय काय?"

समीक्षाने माझ्याकडे पाहिलं. पोरीचे डोळे भरलेले. मग प्रभाकरराव, माझ्या तोंडून जे निघालं ते मी बोललो नाही, कोणीतरी बोलवून घेतलं. मी म्हटलं, "तुमचीच हाय. आमच्या सोयऱ्यायकडे कारंज्याले रीत हाय. जुळलेल्या पोरीची गाठी तशीच घालत नाईत, तिले लाह्या चढवतात. लाही कशी फुलते, तसं पोरीचं घर फुलावं म्हणून."

"हे कधी आयकलं नाई."

"जामपर्यंत पोचली नसल रीत."

"अन् चढवते कोन?"

"आमचे साळे, प्रभाकरराव. त्यायचा हात धरणारा नाई कोनी."

तिने पोरीच्या गळ्यातली एक लाही तोडली, ढाब्यावर भाजी चाखतात तशी जिभेच्या टोकावर ठेवली. मग दुसरी. मग अंकितने पदकाचा गोळा उचलला. मग नुसतं कुरुम कुरुम. समीक्षा मधे उभी, आणि दोन्ही बाजूंनी सासू आणि नवरा तिच्या गळ्यातलं खात आहेत, असा शकुन मी जन्मात पाहिला नव्हता. शेवटी दोरा तेवढा उरला. तो यशोदाबाईने पोरीच्या मनगटाला बांधला आणि म्हणाली, "वैशाखातली तारीख धरा. अन् लग्नात फुलाचे हार कायले पायजे? येईल त्या पाहुण्याच्या गळ्यात हेच टाकू. तुमच्या साळ्याले सांगून ठेवा."

तेव्हा तुम्हाला सांगून ठेवतो आहे. पाडवा झाला की ती तुमच्या हातचं काम पाहायला स्वतः कारंज्याला येणार आहे. घाबरू नका. कृती वर सगळी लिहून झालेलीच आहे, हे पत्र दोनदा वाचा. हेल्मेट नसेल तर धनंजयचं पाठवतो. फक्त ही रीत तुमच्या आजोबांपासून आहे असं मी सांगितलं आहे, तेवढं आजोबांचं नाव विचारलं तर चुकू नका.

ता. क. तिसरा. आत्ता सुलोचनेचा फोन येऊन गेला. यशोदाबाईने खात्री करायला सरळ तिलाच फोन लावला होता. तर तुमची बहीण तिला काय म्हणाली माहीत आहे? "हो नं बाई, माझ्या माहेरची रीतच हाय ते. आमचा परभाकर लहानपनापासून करते." मग मला फोन करून म्हणाली, "पोरीसाठी खोटं बोलली मी. तुमच्यासाठी नाई. काय केलं ते मले धुरपतानं परवाच सांगतलं. आता खरं सांगा, त्यातलं गोड तुमी खाल्लं काय?" मी तिच्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं की एक दाणाही तोंडात गेला नाही. ती म्हणाली, असं असेल तर पाडव्याला चहात अर्धा चमचा साखर मिळेल. म्हणजे आता बहीण आणि मेव्हणा दोघांची जबान तुमच्या कढईत आहे. नाही म्हणायला जागा उरलेली नाही, म्हणून विनंतीही करत नाही.

ता. क. शेवटचा, आणि हा बहिणीला दाखवू नका. शपथ खरी आहे, आणि तेच माझं दुःख आहे. सुट्या लाह्या धुरपताने खाल्ल्या, गाठी विहिणीने खाल्ली, खाली सांडलेलं मुंग्यांनी नेलं. एवढं करून त्याची चव कशी झाली होती हे वर्धा जिल्ह्यात फक्त मला माहीत नाही. तुम्ही सरावाला बसालच, तर पहिल्या घाण्यातली वाटीभर डब्यात घालून चिंधूच्या हाती पाठवा. वरून कुरडया पसरा. कुरडया मी कोकिळेला देईन. शुगरची गोळी आत्तापासून उशाला काढून ठेवली आहे.